मधुमेहाची चाहूल आणि धाकट्याचा प्रश्न

(माजिवडा येथील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय ऐकून आपणांपैकी काहींना नवल वाटले असेल. घोडबंदर रस्त्यावरची कोंडी, पाण्याचे वेळापत्रक, कंत्राटी सफाई कामगारांचे वेतन हे प्रश्न दाराशी उभे असताना मधुमेहाच्या एका प्रकारावर कशासाठी बोलायचे? मी वैद्य नाही. मला या विषयाकडे ओढून नेले ते एका बापाच्या प्रश्नाने.

काही महिन्यांपूर्वी येथल्याच एका रिक्षाचालक साथीची नऊ वर्षांची मुलगी बेशुद्ध पडली. तीन आठवडे ती घटाघटा पाणी पीत होती, रात्री चार वेळा लघवीला उठत होती, फ्रॉक अंगावर लोंबू लागला होता. शाळेतील बाईंची तक्रार अशी की, पोरगी सारखी वर्गाबाहेर जाते. आजी म्हणाली, नजर लागली. शेवटी उलट्या सुरू झाल्या तेव्हा जवळच्या एका दवाखान्यात अशक्तपणा म्हणून बाटली लावली गेली, आणि त्या बाटलीत ग्लुकोज होते. बोटाच्या टोकावरचा रक्ताचा एक थेंब तपासावा, हे कोणाच्या मनात आले नाही. पुढे अतिदक्षता विभागातल्या डॉक्टरांनी व परिचारिकांनी तिला परत आणले. आज ती दिवसातून चार वेळा इन्सुलिन टोचून घेते आणि शाळेत जाते. मी भेटायला गेलो तेव्हा बापाने कर्जाची गोष्ट काढली नाही. त्याने विचारले, "भाऊ, धाकट्याचे काय? त्यालाही होईल का? झालेच तर आधी कळेल का?"

मी निरुत्तर झालो. घरी येऊन वाचू लागलो, डॉक्टर मित्रांना विचारू लागलो. जे समजले ते आपल्यापुढे ठेवतो.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. हा गोड खाण्याने होणारा रोग नव्हे. सुखवस्तू पोटाचा जो मधुमेह आपण जाणतो, त्याच्याशी याचे फारसे नाते नाही. पहिल्या प्रकारच्या मधुमेहात शरीराची रोगप्रतिकारशक्ती स्वतःच्याच स्वादुपिंडातील बीटा पेशींवर उलटते. इन्सुलिन तयार करणाऱ्या या पेशी हळूहळू मरतात. पुरेशा मेल्या की साखर रक्तात साचते, पेशी उपाशी राहतात, शरीर चरबी जाळू लागते व रक्त आम्लधर्मी होते. यालाच कीटोॲसिडोसिस म्हणतात. त्यावर इन्सुलिनखेरीज उपाय नाही. टोरंटोत जानेवारी १९२२ मध्ये एका चौदा वर्षांच्या मुलाला पहिले इन्सुलिन टोचले गेले, त्याआधी हे निदान म्हणजे मृत्यूचेच निदान असे. शोधकांनी पेटंटचे हक्क एकेका डॉलरला विद्यापीठाच्या स्वाधीन केले होते. एवढ्या उदार जन्माचे औषध आपल्या मुलांना शंभर वर्षांनंतरही बिनधोक मिळत नाही, हे जाता जाता नोंदवून ठेवतो.

आता मूळ प्रश्न. आधी कळते का? होय, कळू शकते, आणि ही गोष्ट आपल्याकडे फारच थोड्यांना ठाऊक आहे. हा रोग तीन आठवड्यांत उपजत नाही. मुलगी बेशुद्ध पडली तो शेवटचा अंक होता, पहिला अंक कदाचित काही वर्षांपूर्वी सुरू झालेला असेल. प्रतिकारशक्ती पेशींवर उलटली की रक्तात तिच्या खुणा दिसू लागतात. त्यांना स्वप्रतिपिंडे म्हणतात. इन्सुलिनविरोधी, जीएडी, आयए-२ आणि झिंक ट्रान्सपोर्टर-८ अशी चार मुख्य प्रतिपिंडे तपासता येतात. यांपैकी दोन किंवा अधिक आढळली, पण साखर अजून सरळ आहे, ही पहिली अवस्था. साखर किंचित बिघडू लागली, तरी मूल खेळते-बागडते आहे, ही दुसरी. तहान, लघवी, वजन घटणे ही लक्षणे तिसऱ्या अवस्थेत येतात. आपण ज्याला रोग म्हणतो तो वस्तुतः रोगाचा तिसरा टप्पा असतो.

२०१३ साली अमेरिकेतील कोलोरॅडो, फिनलंड व जर्मनी येथील तेरा हजारांहून अधिक मुलांच्या पाठपुराव्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ही मुले जन्मापासूनच जोखमीची म्हणून निवडलेली होती. ज्यांच्या रक्तात दोन वा अधिक प्रतिपिंडे आढळली, त्यांतील शंभरापैकी सुमारे सत्तर मुलांना पुढील दहा वर्षांत मधुमेह झाला. एकच प्रतिपिंड असलेल्यांत हे प्रमाण सुमारे पंधरा होते. म्हणजे एका खुणेवरून घाबरून जाण्याचे कारण नाही, दोन खुणांकडे मात्र दुर्लक्ष करता येत नाही. पहिला निकाल दुसऱ्या नमुन्याने ताडून पाहावा, हेही तज्ज्ञ बजावून सांगतात.

खुणा आढळल्यावर करायचे काय? पाळत ठेवायची, पण तीही हिशेबाने. २०२४ मध्ये या विषयातील तज्ज्ञांनी एकत्र बसून जे मार्गदर्शन दिले, त्यात दोन प्रतिपिंडे असलेल्या व साखर सरळ असलेल्या मुलाची तपासणी तीन वर्षांखाली दर तीन महिन्यांनी, तीन ते नऊ वर्षांत निदान सहा महिन्यांनी आणि त्यापुढे निदान वर्षातून एकदा करावी असे सांगितले आहे. घरी ग्लुकोमीटर असावा, आईबापांना लक्षणे ठाऊक असावीत, ताप किंवा उलट्या असताना साखर पाहावी. एवढ्याने रोग टळत नाही. पण मूल बेशुद्ध होऊन दवाखान्यात येण्याऐवजी चालत येते. जर्मनीतील बव्हेरिया प्रांतात २०१५ पासून लहान मुलांची अशी तपासणी नेहमीच्या बालरोगतज्ज्ञांकडेच सुरू झाली. पहिल्या ९० हजारांहून अधिक मुलांत २८० मुलांच्या रक्तात दोन वा अधिक प्रतिपिंडे निघाली. त्यांतील ज्यांना पुढे मधुमेह झाला, त्यांच्यात कीटोॲसिडोसिसचे प्रमाण शंभरात पाचाहून कमी राहिले. एरवी त्याच देशात नव्याने निदान होणाऱ्या पाचांतले सुमारे एक मूल त्या अवस्थेत रुग्णालयात पोहोचते. इटलीने तर सप्टेंबर २०२३ मध्ये कायदाच केला, की एक ते सतरा वर्षांच्या मुलांची ही तपासणी हा राष्ट्रीय कार्यक्रम राहील.

आता एक औषधही आले आहे. टेप्लिझुमॅब असे त्याचे नाव. दुसऱ्या अवस्थेतील आठ वर्षांवरील मुलांना व प्रौढांना चौदा दिवस शिरेतून दिले असता तिसरी अवस्था सरासरी सुमारे दोन वर्षे लांबते, असे ७६ व्यक्तींवरील प्रयोगात २०१९ साली दिसले व नोव्हेंबर २०२२ मध्ये अमेरिकी शासनाने त्यास मान्यता दिली. दोन वर्षे इन्सुलिनवाचून, हे लहान मुलाच्या आयुष्यात थोडे नव्हे. पण त्या चौदा कुप्यांची अमेरिकेतील जाहीर किंमत १ लाख ९३ हजार ९०० डॉलर, म्हणजे दीड कोटी रुपयांहून अधिक ठेवली गेली. एका डॉलरच्या पेटंटपासून या कुपीपर्यंतचा प्रवास आपणांस वेगळा समजावून सांगायला नको.

माजिवड्याकडे परत येऊ. धाकट्याला धोका किती? पाश्चात्त्य पाहण्यांनुसार रुग्णाच्या सख्ख्या नातलगांत शंभरात सुमारे पाच. शंभरातल्या पंचाण्णवांना काही होत नाही, हे त्या बापाला आधी सांगायला हवे होते, आणि मी नंतर जाऊन सांगितले. परंतु या आकड्याला दुसरी बाजू आहे आणि ती अधिक महत्त्वाची आहे. नव्याने या रोगाला बळी पडणाऱ्या दहांपैकी सुमारे नऊ मुलांच्या घरात हा रोग आधी कोणालाच नसतो. म्हणजे केवळ भावंडांवर नजर ठेवून आपण दहांतल्या एकालाच गाठू. उरलेल्या नऊ मुलांसाठी शाळा, अंगणवाडी आणि आशा सेविका यांनाच डोळे व्हावे लागेल.

येथे आपल्या ठाणे जिल्ह्याचा इतिहास आठवतो. मुलांच्या तपासणीचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम ६ फेब्रुवारी २०१३ रोजी देशासाठी सुरू झाला तो पालघर येथे. पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होते, स्वतंत्र जिल्हा झाला तो २०१४ मध्ये. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची शाळेत व अंगणवाडीत जाऊन तपासणी करणारी पथके या कार्यक्रमाने उभी केली. कल्पना उत्तम होती. मात्र मूळ तीस विकारांच्या यादीत दातांची कीड होती, दमा होता, फिट येणे होते, पण मुलांचा मधुमेह नव्हता. ज्या देशात वीस वर्षांखालील सव्वादोन लाखांहून अधिक मुले या रोगासह जगतात असा २०२१ चा आंतरराष्ट्रीय अंदाज आहे, आणि ही संख्या कोणत्याही अन्य देशाहून मोठी आहे, तेथे ही त्रुटी लहान म्हणता येणार नाही.

कोणी म्हणेल, महात्मा फुले जनआरोग्य योजना आहे ना? आहे, आणि तिने अनेकांना आधार दिला आहे. पण ती मुख्यतः रुग्णालयात दाखल झाल्यानंतरच्या उपचारांभोवती बांधलेली आहे. मूल कोसळले की योजना जागी होते. ते कोसळू नये म्हणून दर सहा महिन्यांनी करावयाची तपासणी, ग्लुकोमीटरच्या पट्ट्या, घरच्या सुया हे सारे तिच्या दाराबाहेर राहते. एकेकाळी कोलशेत व पोखरण रस्त्यावरच्या कारखान्यांतील कामगाराला राज्य विमा योजनेचे कार्ड असे, त्याच्या मुलाला वागळे इस्टेटच्या रुग्णालयाचा रस्ता ठाऊक असे. रेमंडची गिरणी २००९ मध्ये बंद झाली, कोलशेतच्या रासायनिक कारखान्यांच्या जागी मनोरे उभे राहिले. त्या मनोऱ्यांत धुणीभांडी करणारी बाई आणि खाली रिक्षा उभी करणारा चालक यांच्या हाती ते कार्ड नाही. प्रतिपिंडांच्या तपासणीला खासगी प्रयोगशाळेत काही हजार रुपये पडतात. अशा स्थितीत 'आधी कळणे' हा मनोऱ्यातल्यांचा हक्क आणि चाळीतल्यांचे नशीब ठरते.

तथापि आपल्याच काही डॉक्टर मित्रांचा एक आक्षेप आहे, तो मी हसण्यावारी नेणार नाही. ते म्हणतात, ज्याला इन्सुलिनची शाश्वती नाही त्याला पाच वर्षे आधी बातमी देऊन काय साधणार? पाच वर्षांची धास्ती तेवढी वाढेल. आई प्रत्येक पेला पाण्याकडे संशयाने पाहील. मुलगी असेल तर तिच्या लग्नाच्या चर्चेत हा कागद निघेल, विमा कंपनी तो मागेल. हा आक्षेप खरा आहे. म्हणून इन्सुलिनची हमी आधी, पाळत तिच्यासोबत, आणि प्रतिपिंडांचा अहवाल कुटुंबाच्या संमतीवाचून कोणाच्याही हाती पडता कामा नये, असा क्रम मला योग्य वाटतो. केरळने 'मिठ्ठायी' योजनेतून अशा मुलांना मोफत इन्सुलिन व साधने देण्याची जबाबदारी घेतली. जे केरळला जमते ते महाराष्ट्राला का जमू नये, याचे उत्तर मंत्रालयाने द्यावे.

शिवाय परदेशातले मोजमाप जसेच्या तसे उचलूनही चालणार नाही. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व इंग्लंडमधील एक्सेटरच्या संशोधकांनी २०२० मध्ये दाखवले, की युरोपीय रक्तावर बेतलेला जनुकीय जोखमीचा गुणांक आपल्या लोकांतही उपयोगी पडतो, पण आपल्याकडील जनुकांची ठेवण काहीशी निराळी आहे. आणखी एक गोष्ट. तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी एचबीए१सी ही चाचणी सिकलसेल असलेल्या मुलात फसवी ठरते, लोहाच्या कमतरतेनेही ती बिघडते. शहापूर-मुरबाडच्या आदिवासी पाड्यांवर आणि आपल्या वस्त्यांतील फिकट चेहऱ्याच्या मुलांत केवळ या चाचणीवर विसंबणे धोक्याचे आहे. तेथे प्रत्यक्ष साखर मोजावी हेच बरे.

मग आज मागायचे काय? सरसकट सर्व मुलांच्या प्रतिपिंडांची तपासणी उद्याच करा, अशी मागणी मी करणार नाही. ज्या घरात एक मूल या रोगाने आजारी आहे, तेथील भावंडांची तपासणी सरकारी रुग्णालयात मोफत व्हावी, ही मागणी वाजवी आहे. त्याहून तातडीची मागणी साधी आहे. प्रत्येक आरोग्य केंद्रात, प्रत्येक शालेय तपासणी पथकाच्या पिशवीत चालू स्थितीतला ग्लुकोमीटर आणि मुदतीतल्या पट्ट्या असाव्यात. फार तहान, फार लघवी, घटलेले वजन, आधी कोरडे असणारे मूल पुन्हा अंथरूण ओले करू लागणे, यांपैकी काहीही दिसले तर त्याच दिवशी, त्याच जागी रक्ताचा थेंब पाहिला जावा. लक्षणांसह साखर २०० च्या वर गेली तर थांबायचे नाही, मुलाला तत्काळ मोठ्या रुग्णालयात न्यायचे.

हे काम आपण सरकारवर सोडून मोकळे होऊ शकत नाही. येत्या पंधरवड्यात माजिवडा, बाळकूम व कोलशेत या भागांतील आरोग्य केंद्रांत पट्ट्या आहेत का, मागील वर्षी किती आल्या व किती दिवस संपलेल्या होत्या, याची विचारणा करणारे अर्ज माहितीच्या अधिकारात दाखल करायचे आहेत. मसुदा तयार आहे, सभेनंतर टेबलावर मिळेल. दोन शिक्षिका आपल्या शाळांत पालकांच्या बैठका घ्यायला तयार झाल्या आहेत. आणि त्या रिक्षाचालक साथीच्या धाकट्याची तपासणी पुढल्या आठवड्यात ठरली आहे. त्याच्याबरोबर रुग्णालयात जायला कोणीतरी मोकळे हवे, कारण बापाचा त्या दिवसाचा धंदा बुडेल आणि आईला कामाच्या घरून सुट्टी मिळालेली नाही.