अमिबाची कात्री: आव पडते म्हणजे नेमकं काय होतं?

हेडफोन लावून जेवत असाल तर आधी जेवून घ्या, मग हा भाग ऐका. विषय पोटाचा आहे आणि थोडा घाण आहे.

मी हिंगण्याची. एका छोट्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. लोकांच्या शौचाचे नमुने मायक्रोस्कोपखाली बघणं हे माझं रोजचं काम. तरीही माझ्याच घरात जे झालं ते मला वेळेवर कळलं नाही, म्हणून आज बोलतेय.

गेल्या वर्षी पावसाळ्यात माझ्या दादाला आव लागली. दादा एमआयडीसीत शिफ्टमध्ये काम करतो. जेवण मेसचं, पाणी मिळेल तिथलं. पोटात मुरडा, दिवसातून सात-आठ वेळा संडास, त्यात चिकट आव आणि रक्त. डॉक्टरांनी मेट्रोनिडॅझोलच्या गोळ्या दिल्या. तिसऱ्या दिवशी पोट शांत झालं. त्या गोळीनं तोंडाला लोखंड चाटल्यासारखी चव येते, म्हणून उरलेल्या गोळ्या त्यानं ड्रॉवरमध्ये टाकून दिल्या. मी म्हटलं, "दादा, कोर्स पूर्ण कर ना." तो म्हणाला, "काही नाही होत गं, बरा झालो मी." मग मीही सोडून दिलं.

अडीच महिन्यांनी त्याला थंडी वाजून ताप आला. उजव्या बरगडीखाली दुखायला लागलं, उजव्या खांद्यात कळ यायची. सोनोग्राफी केली तर यकृतात पू! सुईनं काढला तेव्हा तो पिवळा नव्हता, चॉकलेटी होता.

आता प्रश्न असा, की आतड्यातला अमिबा यकृतात पोचला कसा? त्याला दात नाहीत, नखं नाहीत. शाळेत आपण त्याचं चित्र काढायचो ना, छद्मपादवालं, तसलाच एका पेशीचा जीव. ज्यानं दादाला पाडलं त्याचं नाव एन्टामिबा हिस्टोलिटिका. 1875 मध्ये रशियात सेंट पीटर्सबर्गला फेडोर लॉश या डॉक्टरांनी तो एका रुग्णाच्या शौचात पाहिला. 1903 मध्ये जर्मन शास्त्रज्ञ फ्रिट्झ शाउडिन यांनी त्याला हे नाव दिलं. हिस्टोलिटिका म्हणजे ऊती विरघळवणारा. नावातच सगळं आलं.

विरघळवतो कशानं? एन्झाइमनं, म्हणजे पुस्तकातल्या विकरानं. घरी मटण लवकर शिजावं म्हणून आई कच्ची पपई लावते, आठवतं? पपईच्या चिकात पपेन नावाचं एन्झाइम असतं. ते मांसातल्या प्रथिनांच्या साखळ्या कापतं, म्हणून मटण मऊ होतं. अमिबाची मुख्य एन्झाइम्स याच पपेनच्या कुळातली आहेत. त्यांना सिस्टीन प्रोटिएज म्हणतात. प्रोटिएज म्हणजे प्रथिनं कापणारी कात्री, आणि त्या कात्रीची धार सिस्टीन या गंधकवाल्या अमिनो आम्लावर असते. थोडक्यात, आपण मटणाला जे करतो तेच अमिबा आपल्या आतड्याला करतो.

आता क्रमानं बघू. घाण पाण्यातून किंवा न धुतलेल्या हातातून अमिबाची सिस्ट पोटात जाते. सिस्ट म्हणजे जाड कवचातला झोपलेला अमिबा. जठरातलं आम्लही त्या कवचाचं काही बिघडवू शकत नाही. लहान आतड्यात कवच फुटतं, अमिबा बाहेर येतो आणि मोठ्या आतड्यात मुक्काम करतो.

तिथे त्याला पहिली भिंत लागते, ती म्हणजे आव! हो, आपण आजाराला आव म्हणतो, पण तो चिकट थर निरोगी आतड्यातही असतो. म्युसिन नावाच्या प्रथिनाची ती जाळी असते. अमिबा तिला चिकटतो, अडकतो आणि बहुतेक वेळा तिथेच थांबतो. लागण झालेल्या दहापैकी साधारण नऊ जणांना काहीच त्रास होत नाही, तो यामुळेच.

उरलेल्या एकात कात्री चालते. म्युसिनवर साखरेचं दाट आवरण असतं, तिथे एन्झाइमला शिरता येत नाही. पण टोकाला थोडी जागा उघडी राहते. अमिबाचं सीपी-5 नावाचं एन्झाइम नेमकं तिथे कापतं. जाळी उसवते. मग पेशींना धरून ठेवणारं कोलॅजनसारखं प्रथिन कापलं जातं. आपलं शरीर अँटिबॉडी पाठवतं, तर हीच एन्झाइम्स अँटिबॉडीही कापतात. जिवंत पेशींचे लचके अमिबा तोडतो, हे 2014 मध्ये संशोधकांनी दाखवलं. आतड्यात सुरईसारख्या जखमा होतात, तोंड लहान आणि आत पसरट. रक्तवाहिनी फुटली की त्या रक्ताबरोबर अमिबा थेट यकृतात.

याचा एक जुळा भाऊ आहे, एन्टामिबा डिस्पार. मायक्रोस्कोपखाली दोघं अगदी सारखे दिसतात. लॅबमध्ये मलाही नुसतं बघून फरक सांगता येत नाही. अमिबाच्या पोटात गिळलेल्या लाल रक्तपेशी दिसल्या, तरच संशय पक्का होतो. पण डिस्पार आपल्याला त्रास देत नाही. त्याच्याकडे सीपी-5 चं चालू स्थितीतलं जनुकच नाही. चेहरा तोच, फक्त खिशात ही कात्री नाही. म्हणून रिपोर्टवर 'सिस्ट दिसली' एवढं वाचून स्वतःच गोळ्या घेऊ नका.

आता दादाकडे येऊ. पोट शांत झालं म्हणजे अमिबा गेला असं नसतं. मेट्रोनिडॅझोल ऊतींमध्ये घुसलेल्या अमिबाला मारतं, पण आतड्याच्या पोकळीत राहिलेल्या सिस्ट त्यानं पूर्ण जात नाहीत. त्यासाठी डॉक्टर नंतर डायलोक्सानाइडसारखं दुसरं औषध देतात. दादानं पहिलंच अर्धवट सोडलं होतं, दुसऱ्यापर्यंत तो पोचलाच नाही. यकृतातला हा पू बायकांपेक्षा पुरुषांमध्ये कितीतरी जास्त दिसतो, त्यामुळे भावांनो, जरा जास्त लक्ष द्या.

आणि पाण्याचं. क्लोरीन टाकलं की झालं, असं आपण समजतो. नेहमीच्या क्लोरीननं जिवाणू मरतात, पण अमिबाची सिस्ट टिकून राहू शकते. पाणी खळखळून उकळलं, अगदी एक मिनिट, की ती मरते. संडासहून आल्यावर आणि स्वयंपाकाआधी साबणानं हात धुवा. मेसमध्ये राहत असाल तर हा भाग मेसच्या काकूंनाही ऐकवा.

दादा आता बरा आहे. या वेळी दोन्ही औषधं पूर्ण झाली. रोज रात्री मी फोन करायची आणि तो वैतागून म्हणायचा, "घेतली ना गं गोळी!" वैतागू दे. पहिल्या वेळी हाच फोन मी केला नव्हता.

तुमच्या रूमवर कुणाला आव पडत असेल, किंवा ताप आणि उजव्या बाजूला दुखत असेल, तर त्याला आज डॉक्टरकडे न्या. आणि पोट थांबलं तरी गोळ्या किती उरल्या, ते विचारा. भेटू पुढच्या भागात!