शेजारी आलेले चर्च आणि आपला शेजारधर्म

(संस्थेच्या सभासद व विद्यार्थ्यांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)





आज आम्ही जो विषय आपणापुढे मांडणार आहोत तो वरवर पाहता लहान वाटेल, परंतु शहरातील कोणत्याही वस्तीत तो केव्हाही उभा राहू शकतो. एखाद्या कॉलनीत नवीन प्रार्थनासभा सुरू होते. कालपर्यंत जी जागा रिकामी होती तेथे रविवारी सकाळी शे-दीडशे माणसे जमू लागतात. ड्रम वाजतो, लाऊडस्पीकर लागतो, जिन्याच्या तोंडाशी स्कूटरी उभ्या राहतात. पहिले काही रविवार लोक दारे-खिडक्या लावून घेतात. मग कुजबुज सुरू होते, मग बाचाबाची. आणि एकदा बाचाबाची झाली की मूळ तक्रार आवाजाची होती हे कोणाच्याच लक्षात राहत नाही. ती धर्माची होऊन बसते. येथेच खरा धोका आहे, आणि म्हणूनच या विषयाचा थंड डोक्याने विचार करणे अगत्याचे आहे.

हा विचार हवेत करण्याची गरज नाही. नेमके असेच एक प्रकरण आपल्या देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेले आहे. चेन्नईच्या माधवरम हायरोडवर के.के.आर. नगर ही वस्ती आहे. तेथे पेंटेकोस्टल पंथाच्या ‘चर्च ऑफ गॉड (फुल गॉस्पेल)’ या संस्थेचे प्रार्थनागृह होते. प्रार्थनेत ड्रम, गिटार आदी वाद्ये व लाऊडस्पीकर वापरले जात. शेजारच्या मॅजेस्टिक कॉलनीतील रहिवाशांच्या कल्याण संघाने १५ मे १९९६ रोजी तामिळनाडू प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे तक्रार केली. मंडळाने पोलीस अधीक्षकांना कारवाईसाठी लिहिले. तरीही प्रश्न सुटला नाही, तेव्हा संघाने मद्रास उच्च न्यायालयाचे दार ठोठावले.

चर्चचे म्हणणे काय होते तेही ऐकले पाहिजे. त्यांचे म्हणणे असे की, आम्ही अल्पसंख्याक आहोत. आमची उपासना बंद पाडण्याच्या छुप्या हेतूने ही तक्रार झाली आहे. आणि वस्तीतील आवाज आमच्यामुळे नव्हे, तर रस्त्यावरील वाहनांमुळे आहे. मंडळाने आवाजाची मोजणी केली, तेव्हा या म्हणण्यात काही तथ्य आढळले. आवाजाला एकटे चर्च कारणीभूत नव्हते, वाहनांचाही त्यात वाटा होता. उच्च न्यायालयाने मग मोठा समतोल आदेश दिला. गोंगाट करणाऱ्या वाहनांवरही कारवाई करा आणि चर्चलाही लाऊडस्पीकरचा आवाज मर्यादेत ठेवायला लावा, असे त्याने पोलिसांना सांगितले. तक्रारीत धर्मद्वेष नाही, हेही न्यायालयाने तपासून पाहिले. चर्चने सर्वोच्च न्यायालयात अपील केले. ३० ऑगस्ट २००० रोजी न्यायमूर्ती एम. बी. शाह व न्यायमूर्ती एस. एन. फुकन यांनी ते फेटाळले.

या निकालाचे सार आपल्या विद्यार्थ्यांनी वहीत लिहून ठेवावे. इतरांची शांतता भंग करून प्रार्थना करा असे कोणताही धर्म सांगत नाही. ध्वनिवर्धक लावून किंवा ढोल बडवून प्रार्थना करा असेही सांगत नाही. आपल्या हक्काचा उपभोग घेताना वृद्ध, आजारी, तान्ही मुले आणि अभ्यास करणारे विद्यार्थी यांचे हक्क पायदळी तुडवता येत नाहीत. आता या निकालात काय नाही तेही पाहा. ‘येथून उठा’ असे चर्चला कोणी सांगितले नाही. प्रार्थना बंद झाली नाही. मर्यादा पडली ती आवाजावर.

मित्रहो, हा भेद आपल्या राज्यघटनेतच आहे. बाबासाहेब ज्या मसुदा समितीचे अध्यक्ष होते त्या समितीने घडविलेल्या घटनेचे २५ वे कलम प्रत्येकाला सद्सद्विवेकबुद्धीचे आणि धर्म मानण्याचे, आचरण्याचे व त्याचा प्रसार करण्याचे स्वातंत्र्य देते. परंतु हे कलम सुरू होते तेच मुळी अटीने. सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता व आरोग्य यांना बाध येता कामा नये, ही ती अट. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला लाखो लोकांनी धम्माचा स्वीकार केला तो याच स्वातंत्र्याच्या बळावर. जे स्वातंत्र्य आपल्याला प्राणाहून प्रिय आहे ते शेजारच्या ख्रिस्ती बांधवाला नाकारणे आपल्याला शोभणार नाही. त्याचप्रमाणे जी अट त्याला लागू आहे ती आपल्याला लागू नाही असेही म्हणता येणार नाही.

आता मर्यादा म्हणजे नेमके किती, हे समजून घेऊ. केंद्र सरकारने फेब्रुवारी २००० मध्ये ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम जारी केले. निवासी भागात सकाळी ६ ते रात्री १० पर्यंत ५५ डेसिबल आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. रुग्णालये, शाळा व न्यायालये यांच्या परिसरातील शांतता क्षेत्रात ती अनुक्रमे ५० व ४० आहे. रात्री १० ते सकाळी ६ या वेळात उघड्यावर लाऊडस्पीकर लावता येत नाही. सणासुदीला राज्य सरकार मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकते, पण वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवसच. १८ जुलै २००५ च्या निकालाने सर्वोच्च न्यायालयाने आणखी एक अट घातली. सार्वजनिक जागी लाऊडस्पीकर लावला तर त्या जागेच्या हद्दीवरचा आवाज त्या भागाच्या मर्यादेपेक्षा १० डेसिबलहून अधिक किंवा ७५ डेसिबलहून अधिक, यांपैकी जे कमी असेल त्यापलीकडे जाता कामा नये.

डेसिबलचे गणित साधे नाही, हे विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी घरच्यांना समजावून सांगावे. १० डेसिबल वाढले की ध्वनीची ऊर्जा दहापट होते आणि कानाला आवाज साधारण दुप्पट वाटतो. म्हणजे ५५ चे ७५ झाले तर ऊर्जा शंभरपट झाली! ‘थोडासाच तर वाढवला’ असे म्हणणाऱ्याला हे गणित ठाऊक नसते. परंतु रात्रपाळी करून सकाळी डोळा लागलेल्या कामगाराला आणि दहावीच्या मुलीला ते न शिकता कळते.

आता थोडे त्यांच्या बाजूने पाहू. ही मंडळी इतक्या मोठ्याने प्रार्थना का करतात? मुद्दाम आपल्याला त्रास द्यावा म्हणून? तसे नाही. सर्वांनी मिळून एकाच वेळी मोठ्याने प्रार्थना करणे, गाणे, टाळ्या वाजवणे ही या पंथाची उपासनेची रीतच आहे. या पंथाच्या जन्माचे एक मोठे केंद्र म्हणून १९०६ सालच्या अमेरिकेतील लॉस एंजेलिसच्या अझुसा स्ट्रीटचे नाव घेतात. परंतु त्याच्या आदल्याच वर्षी, १९०५ साली, आपल्या पुणे जिल्ह्यात केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये निराधार मुली व स्त्रिया अशाच एकत्र मोठ्याने प्रार्थना करू लागल्या होत्या, आणि पंथाचे इतिहासकार त्या घटनेचा आवर्जून उल्लेख करतात. ज्यांना समाजात तोंड उघडण्याची मुभा नव्हती त्यांना तेथे आवाज मिळाला. दुसऱ्याच्या घरी दिवसभर मान खाली घालून काम करणाऱ्या बाईला रविवारी दोन तास मोकळ्या गळ्याने गावेसे वाटले, तर तिला शत्रू समजू नका. तिला गाऊ द्या. खिडकी बंद करायला आणि पेटीचा आवाज कमी करायला मात्र जरूर सांगा.

या बाबतीत भगवान बुद्धांची शिकवण काय आहे? तीन प्रसंग थोडक्यात सांगतो.

पहिला प्रसंग मज्झिम निकायातील चातुमा गावचा. सारिपुत्त व मोग्गल्लान यांच्यासोबत आलेले पाचशे भिक्खू मुक्कामाची व्यवस्था लावताना मोठा गलका करू लागले. कोळीवाड्यात मासळीवरून व्हावा तसा हा गोंगाट कसला, अशी पृच्छा करून तथागतांनी त्या भिक्खूंना तेथून जायला सांगितले. पुढे चातुमाच्या शाक्यांनी विनंती केल्यावर त्यांना परत येऊ दिले. ते भिक्खू परके नव्हते, स्वतःच्याच संघातले होते. गोंगाटाची शिस्त त्यांनी प्रथम आपल्या घरात लावली.

दुसरा प्रसंग वर्षावासाचा. पावसाळ्यातही भिक्खू चारिका करीत आणि हिरवे गवत व बारीकसारीक जीव पायाखाली तुडवले जात. लोकांनी कुरकुर केली. ती कुरकुर तथागतांच्या कानी गेली तेव्हा त्यांनी ‘हे धम्माचे विरोधक आहेत’ असे म्हटले नाही. त्यांनी नियम केला की, पावसाळ्यात भिक्खूंनी एका ठिकाणी राहावे. आज आपण ज्याला पवित्र मानतो त्या वर्षावासाचे मूळ शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या तक्रारीत आहे, हे विसरू नये.

तिसरा प्रसंग नालंदेच्या उपालि गृहपतीचा. तो निगंठांचा, म्हणजे जैन मुनींचा, अनुयायी होता. वाद करायला आला आणि बुद्धांचा उपासक झाला. तेव्हा बुद्धांनी त्याला बजावले की, तुझ्या घरी निगंठांना इतकी वर्षे भिक्षा मिळत आली आहे, ती पुढेही देत जा. आपला पंथ सोडलेल्या माणसाच्या दारीसुद्धा दुसऱ्या पंथाचा साधू उपाशी राहू नये, ही ती दृष्टी. सम्राट अशोकाने आपल्या बाराव्या शिलालेखात सर्व पंथांविषयी बोलताना वाणीच्या संयमाचा आग्रह धरला, तो याच परंपरेतून.

बंधू-भगिनींनो, ‘नको असलेला शेजारी’ म्हणजे काय असते हे आपल्याहून अधिक कोणाला कळणार? १९१७ साली बाबासाहेब परदेशातून शिकून बडोद्याला नोकरीस गेले. तेथे त्यांना राहायला जागा मिळेना. एका पारशी धर्मशाळेत नाव लपवून राहावे लागले आणि काही दिवसांतच काठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना तेथून बाहेर काढले. त्या दिवशी त्या खोलीतून कसलाही आवाज येत नव्हता. तक्रार माणसाविषयीच होती. म्हणून आम्ही एक कसोटी सांगतो. ज्या आवाजाविषयी आपण चर्चविरुद्ध अर्ज लिहितो आहोत, तोच आवाज तेवढाच वेळ विहारातून, मंदिरातून, मशिदीतून किंवा लग्नाच्या मांडवातून आला असता तर आपण अर्ज लिहिला असता काय? उत्तर ‘होय’ असेल तर निःशंक मनाने सही करा. ‘नाही’ असेल तर लेखणी खाली ठेवा, कारण मग तो अर्ज आवाजाविरुद्ध नसून माणसांविरुद्ध आहे.

आता प्रत्यक्ष काय करावे?

प्रथम भेटावे. वस्तीतील दोन ज्येष्ठ पुरुष व दोन भगिनींनी पास्टरांकडे जावे, तेही प्रार्थना चालू नसताना. कोणाच्या घरी आजारी माणूस आहे, परीक्षा केव्हा आहे, ते सांगावे. प्रार्थनेच्या वेळा, पेटीचे तोंड कोणत्या दिशेला असावे, वाहने कोठे लावावीत, हे ठरवून कागदावर लिहून घ्यावे. दुसरे, तारीख, वेळ व त्रास यांची नोंदवही ठेवावी. ‘नेहमीच त्रास असतो’ असे मोघम लिहिल्याने काही साधत नाही. तिसरे, यश न आल्यास पोलीस ठाण्यात व प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे लेखी अर्ज द्यावा, पोच घ्यावी आणि आवाज मोजण्याची मागणी करावी. मर्यादेपेक्षा १० डेसिबल वा अधिक आवाज असेल तर तक्रार करता येते, अशी नियमातच तरतूद आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २३ जानेवारी २०२५ च्या निकालात लाऊडस्पीकर हा कोणत्याही धर्माचा अत्यावश्यक भाग नाही असे सांगून, तक्रारदाराचे नाव उघड न करता पोलिसांनी पायरीपायरीने कारवाई करावी असे बजावले आहे. चौथे, राहत्या जागेचा वापर बदलला असेल तर त्याला १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना कायद्याखाली परवानगी लागते. ती आहे काय, हे विचारण्याचा आपल्याला अधिकार आहे. मात्र हा प्रश्न आपल्या विहाराच्या जागेलाही कोणी विचारू शकेल, हे ध्यानी ठेवून आपली कागदपत्रे आधी नीट ठेवा.

आणि काय करू नये? प्रार्थना चालू असताना दारात जमाव नेऊ नये. आवाजाला उत्तर म्हणून आपला लाऊडस्पीकर लावू नये. धर्मांतराची आवई उठवून वस्तीत तेढ माजवणाऱ्या बाहेरच्या मंडळींच्या हाती आपला अर्ज देऊ नये. त्यांना आपल्या झोपेची काळजी नसते. त्यांना निमित्त हवे असते. आज ते चर्चच्या दारात असतील, उद्या आपल्या जयंतीच्या मिरवणुकीपुढे उभे राहतील.

शेवटी संस्थेला एक विनंती. दुसऱ्याकडे मर्यादा मागण्याचा अधिकार स्वतः मर्यादा पाळणाऱ्यालाच असतो. १४ एप्रिल, बुद्धपौर्णिमा, ६ डिसेंबर या दिवशीचे आपले कार्यक्रम वेळेत संपावेत, पेट्यांची तोंडे रुग्णालयाकडे व शाळेकडे नसावीत, परीक्षेच्या दिवसांत विहारातील वंदना विना लाऊडस्पीकर व्हावी, असा ठराव आपण करावा आणि त्याची एक प्रत शेजारच्या पास्टरांना, मशिदीच्या विश्वस्तांना व गणेश मंडळाला सही करण्यासाठी पाठवावी. चार संस्थांनी सही केलेला असा एक कागद वस्तीच्या फलकावर लागला, तर पोलीस ठाण्याची पायरी चढण्याची वेळच कदाचित येणार नाही.



जय भीम! जय भारत!