कुंपणाखालचं पाणी

(रौप्यमहोत्सवी समारंभात झालेल्या भाषणाचा मजकूर. वक्त्या आपल्या सोसायटीच्या सभासदांच्या कन्या असून सध्या पीएच.डी.चे संशोधन करीत आहेत.)



"तुझी पीएच.डी. नक्की कशात आहे गं?" हा प्रश्न मला लिफ्टमध्ये सगळ्यांनी विचारून झालाय. लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत ते सांगून होत नाही, म्हणून आज समितीने मला दहा मिनिटं दिली आहेत.

माझा विषय आहे, वेगवेगळ्या संस्थांमधला समन्वय आणि सहयोग. हे दोन शब्द आपण एकाच अर्थाने वापरतो, पण ते एक नाहीत. आपला टँकर सातला आणि शेजारच्या सोसायटीचा आठला, म्हणजे गल्ली अडत नाही. हा समन्वय. पण दोघांनाही टँकर का लागतो, हे एकत्र बसून शोधायचं आणि त्यासाठी दोघांनीही थोडी झळ सोसायची, हा सहयोग. पहिला जमतो. दुसऱ्याशी येऊन गाडी अडते.

या विषयाकडे मी का वळले, ते बाबांची परवानगी घेऊन सांगते. ते पहिल्या रांगेतच बसलेत. बारा वर्षांपूर्वी ते सचिव असताना आपण नवी बोअर घेतली. पाणी चांगलं लागलं, आपण पेढे वाटले. त्याच उन्हाळ्यात शेजारच्या सोसायटीची बोअर आटली. त्यांचं म्हणणं, तुमच्यामुळे. आपलं म्हणणं, पाऊसच कमी झाला. बाबा आणि तिथले सचिवकाका रोज पहाटे एकत्र फिरायला जायचे. ते बंद झालं, ते आजतागायत. खरं कोणाचं होतं? सांगता येत नाही. कारण दोन्हीकडे पाण्याची पातळी कोणी कधी मोजलीच नव्हती!

संशोधनाला लागले तेव्हा वाचनात एलिनॉर ऑस्ट्रॉम आल्या. शाळेत त्यांना त्रिकोणमिती घेऊ दिली नव्हती, गणित कमी पडलं म्हणून अर्थशास्त्राच्या पीएच.डी.ला प्रवेश मिळाला नाही. मग त्यांनी राज्यशास्त्रात पीएच.डी. केली. पुढे २००९ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला ठरल्या. मुलींनो, हे लक्षात ठेवा.

१९६५ साली पूर्ण झालेला त्यांचा प्रबंध भूजलावरच आहे. लॉस एंजेलिसजवळ समुद्राकाठी 'वेस्ट बेसिन' नावाचं भूजलक्षेत्र आहे. वर अनेक छोटी शहरं, खासगी पाणीकंपन्या, तेलशुद्धीकरण कारखाने; खाली सगळ्यांचं पाणी एकच. प्रत्येकजण उपसत राहिला. पातळी समुद्रसपाटीच्याही खाली गेली आणि विहिरींत खारं पाणी शिरू लागलं. धोका सगळ्यांना दिसत होता, तरी कोणी थांबेना. कारण सरळ आहे, मी थांबलो तर माझ्या वाटचं शेजारी उपसणार.

१९४५ मध्ये प्रकरण न्यायालयात गेलं. साधारण पाचशे उपसणारे त्यात पक्षकार होते. पण निकालाची वाट बघत बसण्याऐवजी त्यांनी पाणी वापरणाऱ्यांची एक संघटना केली. कोण किती उपसतो ही माहिती सगळ्यांसमोर आली. १९५५ मध्ये तात्पुरता करार झाला. त्यातली मेख अशी की, बहुतेक मोठे उपसणारे सही करतील तरच तो लागू होणार. म्हणजे एकटा कोणी मूर्ख ठरणार नाही. १९६१ मध्ये न्यायालयाचा अंतिम निकाल आला. किनाऱ्यालगत विहिरींतून गोडं पाणी जमिनीत सोडून खाऱ्या पाण्याला बांध घातला गेला. आणि दरवर्षी प्रत्येकाच्या उपशाचा हिशेब जाहीर होऊ लागला.

यात सगळ्यांवर हुकूम चालवणारा एक साहेब कुठेच नाही. संस्था वेगळ्याच राहिल्या, हिशेब मात्र एकत्र आला. हे सगळं व्हायला सोळा वर्षं लागली, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. ऑस्ट्रॉमबाईंनी पुढे जगभरातली अशी उदाहरणं तपासली आणि १९९० च्या पुस्तकात मांडली. टिकलेल्या व्यवस्थांमध्ये हद्द ठरलेली असते, मोजमाप असतं, नियम वापरणाऱ्यांनीच केलेले असतात आणि भांडण मिटवायची स्वस्त जागा असते.

आता आपल्या गल्लीत या. चार सोसायट्या, चार कुंपणं. आपल्याकडच्या बेसाल्ट खडकात पाणी भेगांमध्ये आणि झिजलेल्या थरांत साठतं. त्या भेगांना आपली कुंपणं ठाऊक नाहीत. आपण पर्जन्यजल पुनर्भरण केलं, हे कौतुकाचंच आहे. पण ते पाणी फक्त आपल्याच बोअरमध्ये उतरेल, असं कोणी सांगू शकणार नाही.

म्हणून माझी एकच विनंती आहे. पैसे नकोत, नवी समिती नको. दर महिन्याच्या एक तारखेला, पंप रात्रभर बंद ठेवून, सकाळी बोअरची पातळी मोजायची आणि फाटकाजवळच्या फलकावर लिहायची. गेल्या महिन्यात मी शेजारच्या तिन्ही सोसायट्यांत जाऊन आले. उत्तर सगळीकडे एकच, "आधी तुमची दाखवा, मग आम्ही दाखवतो." मला राग आला नाही. वेस्ट बेसिनवालेही असंच म्हणत होते. कोणीतरी पहिला आकडा लिहावा लागतो, एवढंच.

तो आपण लिहूया. येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेत हा विषय घ्यावा, अशी अध्यक्षांना विनंती करते. पंचवीस वर्षं आपण कुंपणाच्या आत सहकार चालवला. आता तो कुंपणाच्या पलीकडे न्यायचा आहे.

आणि बाबा, पहिल्या महिन्याचा आकडा शेजारी नेऊन द्यायचं काम तुमच्याकडे. पहाटेच जा, सचिवकाका अजूनही त्याच वेळेला फिरायला निघतात.