माहितीच्या कोठाराची नाडीपरीक्षा

(पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



बँकेत गेलो की खिडकीमागचा कारकून कधीकधी सांगतो, "सिस्टीम स्लो आहे, थांबा." आपण थांबतो. नेमके काय हळू चालले आहे आणि ते शोधून कोण काढतो, याचा विचार मात्र सहसा करीत नाही. पुष्कळदा दोष संगणकाच्या मेंदूत नसून त्याच्या कोठारात असतो, म्हणजे माहिती जिथे साठवली जाते त्या डिस्कमध्ये. या कोठारावर नजर ठेवणे हे आज एक स्वतंत्र काम झाले आहे. त्याविषयी चार शब्द बोलतो.

आयबीएम कंपनीने १९५६ साली पहिली हार्ड डिस्क बाजारात आणली. तिच्यात २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या आणि त्यांत सुमारे ५० लाख अक्षरे मावत. हवी ती नोंद सापडायला सरासरी ०.६ सेकंद लागे. आजची साधी डिस्क मिनिटाला ७२०० फेरे घेते. एका फेऱ्याला ८.३ मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचे सुमारे आठ हजारांश, लागतात. हवी ती जागा वाचणाऱ्या हेडखाली येईपर्यंत सरासरी अर्धा फेरा थांबावे लागते आणि हेड सरकण्याचा वेळ निराळा. साठा लाखो पटींनी वाढला, पण शोधण्याचा वेळ जेमतेम पन्नासपट घटला. अडचणीचे मूळ इथे आहे. अलीकडच्या एसएसडीमध्ये फिरणारे काहीच नसते, त्या कितीतरी चपळ असतात. तरी रांग तिथेही लागते.

रांगेचा हिशेब विद्यार्थ्यांनी नीट समजून घ्यावा. तिकिटाच्या एका खिडकीवर प्रत्येकाला साधारण ५ मिनिटे लागतात आणि माणसे वाटेल तेव्हा येतात, असे समजा. खिडकी निम्मा वेळ गुंतलेली असेल, तर रांगेसकट सरासरी १० मिनिटे जातात. ८० टक्के गुंतली की २५ मिनिटे आणि ९० टक्के गुंतली की ५० मिनिटे! काम थोडेसेच वाढले, पण वाट पाहणे दुप्पट झाले. म्हणून "अजून १० टक्के क्षमता शिल्लक आहे" असे समाधानाने सांगणाऱ्या साहेबाला हे गणित ठाऊक नसते, एवढेच म्हणावे लागेल.

दुसरा फसवा आकडा म्हणजे सरासरी. हजार मागण्यांपैकी ९९० एका मिलिसेकंदात पुऱ्या झाल्या आणि १० मागण्यांना प्रत्येकी पुरता एक सेकंद लागला, तरी सरासरी ११ मिलिसेकंदच येते. कागदावर सगळे आलबेल! पण एकेक पान तयार व्हायला अशा शंभर मागण्या लागत असतील, तर शंभरातल्या ६३ पानांना निदान एक तरी रखडलेली मागणी आडवी येते. गूगलमधील जेफ डीन आणि लुइझ बरोसो यांनी २०१३ साली हे गणित प्रसिद्ध केले. शिष्यवृत्तीचा अर्ज शेवटच्या तारखेला भरणाऱ्या मुलाचे पान अडकते, तेव्हा त्याला सरासरीचे काय सुखदुःख? म्हणून जाणकार माणूस सरासरीबरोबर सर्वांत मागे राहिलेल्या मागण्याही पाहतो.

याचे एक गमतीदार उदाहरण सांगतो. २००८ सालच्या अखेरीस सन मायक्रोसिस्टिम्सचे अभियंते ब्रेंडन ग्रेग चालू डिस्कच्या मांडणीजवळ तोंड नेऊन जोराने ओरडले. ओरडण्याच्या कंपनाने डिस्क क्षणभर गोंधळल्या आणि काही मागण्यांना नेहमीपेक्षा कितीतरी अधिक वेळ लागला. प्रत्येक मागणीचा वेळ ठिपक्यांनी दाखवणारा आलेख समोर होता, म्हणून ते ओरडणे पडद्यावर उमटलेले दिसले! त्याची चित्रफीत जगभर पाहिली गेली. हसू येते खरे, पण पंखा किंवा सैल स्क्रू हेच काम दिवसरात्र करीत असेल, तर तो सापडायचा कसा?

आता मंदावणे सोडून बंद पडण्याकडे वळू. डिस्क स्वतःच्या प्रकृतीची नोंद ठेवते. त्या सोयीला 'स्मार्ट' म्हणतात. २००७ साली गूगलने एक लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. बरोसो त्यातही होते. तपासणीत पहिली चूक आढळलेल्या डिस्क पुढच्या ६० दिवसांत बिघडण्याची शक्यता निर्दोष डिस्कपेक्षा ३९ पट निघाली. म्हणजे इशारा मिळाला तर तो खरा मानावा. परंतु बिघडलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक डिस्कनी महत्त्वाच्या चार खुणांपैकी एकही आधी दाखवली नव्हती. नाडी पाहणारा कितीही हुशार असो, दुसऱ्या जागी ठेवलेल्या प्रतीला पर्याय नाही. घरच्या लग्नाचे फोटो एकाच डिस्कवर ठेवणाऱ्यांनीही हे ऐकावे.

पालक मला विचारतात, यासाठी मुलाला काय शिकवावे? रांगेचे गणित, थोडे संख्याशास्त्र आणि लिनक्स. लिनक्सवर 'आयओस्टॅट' नावाचे साधन फुकट मिळते. मुलांनो, ते चालवा, मोठी फाइल उतरवताना 'अवेट' या रकान्यात मागणीला लागणारा वेळ कसा चढतो ते पाहा आणि वहीत लिहा. यंत्र ठणठणीत असतानाचे आकडेही लिहा, नाहीतर आजारी दिवशी तुलना कशाशी करणार? शेजारचा 'युटिल' हा रकाना शंभरावर गेला, तर फिरत्या डिस्कच्या बाबतीत ती काठोकाठ भरली असे समजावे. एसएसडी एकाच वेळी अनेक मागण्या हाताळते, त्यामुळे तिथे शंभर दिसूनही पुष्कळ जागा शिल्लक असू शकते.