एका हंगामावरून पारख

सरकारी कचेरीत वर्षअखेरीस कनिष्ठांचे गोपनीय अहवाल लिहिले जातात, तेव्हा लिहिणाऱ्याला एक मोह हटकून होतो. शेवटच्या दोन महिन्यांत जे घडले, त्याच्याच उजेडात सबंध माणूस पाहण्याचा. होतकरू खेळाडूंच्या बाबतीत तर प्रत्येक प्रेक्षक अहवाललेखक होतो, आणि शेरा मारण्यास तो आठ दिवसही थांबत नाही.

अमृतसर जिल्ह्यातील तिम्मोवाल गावच्या शेतकऱ्याचा मुलगा हरमनप्रीत सिंग याच्यावर असा शेरा मारण्याची वेळ २०१६ साली आली. आदल्याच वर्षी कनिष्ठांच्या आशिया चषकाच्या अंतिम सामन्यात भारताने पाकिस्तानला ६-२ असे हरविले, त्यांतील चार गोल एकट्या हरमनप्रीतचे होते. वीस वर्षांचा हा बचावपटू रिओ ऑलिंपिकला गेला तो या लौकिकासह. भारत उपउपांत्य फेरीत बेल्जियमकडून १-३ असा हरला आणि हरमनप्रीतच्या नावावर साऱ्या स्पर्धेत एकही गोल लागला नाही.

हे शून्य वाचावयाचे कसे? त्याचे बळ ड्रॅग-फ्लिकमध्ये, आणि ड्रॅग-फ्लिकचा प्रसंग पेनल्टी कॉर्नरला येतो. एक गडी गोलरेषेच्या बाजूने चेंडू ढकलतो, दुसरा तो वर्तुळाबाहेर अडवतो, मग फ्लिक मारणारा चेंडूला काठीच्या वळणात घेऊन, अंग वाकवून, ओढत आणून फेकतो. पहिलाच फटका सरळ हाणला, तर चेंडू गोलफळीच्या वर, म्हणजे जेमतेम दीड फुटापलीकडे, जाऊन चालत नाही. फ्लिकला ते बंधन नाही. म्हणून तर या विद्येला इतके मोल आले. पण ढकलणाऱ्याचा चेंडू उसळला किंवा अडवणाऱ्याचा हात किंचित चुकला, तर फ्लिक मारणाऱ्याचे कौशल्य वाया जाते. गोलांच्या यादीत मात्र अपयश त्याचेच दिसते. शिवाय रिओच्या संघात रूपिंदर पाल सिंग आणि व्ही. आर. रघुनाथ हे दोन मुरलेले फ्लिकर होते. ज्येष्ठांच्या पंगतीत तिसऱ्या पाटावर बसलेल्याच्या ताटात किती वाढले गेले, हे न पाहताच त्याची भूक ठरविण्यात अर्थ नाही.

तेव्हा पाहावयाचे ते वेगळेच. फसलेले फटके गोलरक्षकाने अडविले, की ते गोलाबाहेर गेले? पहिल्याचा इलाज सरावात आहे, दुसऱ्याचे कारण मनातही असू शकते. गोल होत नसताना बचावातले त्याचे लक्ष ढळले काय? आणि हंगाम संपल्यावर त्याने काय केले?

या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर डिसेंबरात लखनौला मिळाले. ऑलिंपिक खेळून आलेला हा तरुण पुन्हा एकवीस वर्षांखालील संघात उतरला. अंतिम सामन्यात समोर बेल्जियमच होते. भारताने २-१ असा विजय मिळवून कनिष्ठ विश्वचषक पंधरा वर्षांनी परत आणला. मोठ्यांच्या मेळ्यातून परतल्यावर लहानांत खेळणे अनेकांना कमीपणाचे वाटते. निवडकर्त्याने टिपून ठेवावी अशी गोष्ट ही होती. गोलांच्या आकड्यात ती कोठेच दिसत नाही.

पुढे २०२१ मध्ये टोकियोत त्याने सहा गोल केले आणि भारताला ४१ वर्षांनी ऑलिंपिक पदक मिळाले. शेरेबाजांची तोंडे तरीही मिटली नाहीत. २०२३ च्या विश्वचषकात तो कर्णधार होता. पेनल्टी कॉर्नर वाया जात राहिले, न्यूझीलंडने भारताला उपउपांत्य फेरीच्या दारातूनच परत पाठविले, आणि जुनाच प्रश्न नव्याने विचारला गेला. या वेळी खेळाडू सत्तावीस वर्षांचा होता, एवढाच फरक.

दीड वर्षाने, ८ ऑगस्ट २०२४ रोजी, पॅरिसमध्ये कांस्यपदकासाठी स्पेनशी सामना झाला. अर्धा खेळ संपत आला तेव्हा भारत एका गोलाने मागे होता. तिसाव्या मिनिटाला पेनल्टी कॉर्नर मिळाला, आणि तेहेतिसाव्या मिनिटाला आणखी एक. दोन्ही वेळा चेंडू हरमनप्रीतच्या काठीवरून गोलात गेला.