नाणे आणि सन्मान

पूर्वी बाजारात रुपया वाजवून घेत. खणखणीत आवाज आला की तो खरा, बद्द वाजला की खोटा. पण सरकारने छातीवर लावलेले पदक खरे की खोटे, हे कशावर वाजवून पाहावे? पोलंडच्या राष्ट्रीय बँकेने ‘व्हिर्तुती मिलितारी’ या आपल्या सर्वोच्च लष्करी सन्मानाच्या स्मरणार्थ नाणे काढले आहे. त्या निमित्ताने या प्रश्नाचा आपण थोडा विचार करू.

‘व्हिर्तुती मिलितारी’ हे शब्द लॅटिन आहेत. ‘सैनिकी शौर्यास’ असा त्यांचा अर्थ. क्रूसाच्या चार भुजांवर ही अक्षरे, मधोमध पोलंडचा पांढरा गरुड, आणि वर निळी फीत, तिच्या कडांना काळ्या पट्ट्या. दिसायला चिन्ह साधेच. पण त्याच्या वाट्याला आलेले दिवस साधे नव्हेत.

१७९१च्या मे महिन्यात पोलंडने नवी राज्यघटना स्वीकारली. शेजारच्या रशियाला ती रुचली नाही, आणि पुढच्याच वर्षी रशियन फौजा पोलंडमध्ये शिरल्या. १८ जून १७९२ रोजी झ्येलेन्त्से येथे पोलिश सैन्याने त्यांना थोपवले. तेव्हा राजा स्तानिस्वाव ऑगस्ट याने हा सन्मान सुरू केला. पहिल्या मानकऱ्यांत राजाचा पुतण्या युझेफ पोन्यातोव्स्की होता, तसाच कोश्चुश्कोही होता. सोन्याचे पदक अधिकाऱ्यांना, चांदीचे साध्या शिपायांना. खानदान न पाहता शिपायाचीही कदर करावी, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हे.

आणि पुढे काय झाले? महिना-सव्वा महिना लोटला नाही तोच खुद्द राजा शत्रूच्या बाजूच्या सरदारांना जाऊन मिळाला, आणि त्या सरदारांनी या पदकावर बंदी घातली! ज्याने दिले त्याचेच अवसान गळाले. ज्यांनी रक्त सांडून मिळवले, त्यांनी मात्र ते मनातून उतरवले नाही. १७९५पर्यंत तर पोलंडचे राज्यच नकाशावरून पुसले गेले.

नेपोलियनच्या काळात वॉर्सा येथे पोलिश लोकांचे लहानसे राज्य उभे राहिले आणि हा सन्मान पुन्हा सुरू झाला. पुरुषवेशात सैन्यात दाखल झालेल्या योआना झुब्रोवा या स्त्रीने १८०९मध्ये झामोश्चच्या हल्ल्यात पराक्रम केला, आणि हा क्रूस मिळवणारी ती पहिली स्त्री ठरली.

मग १८३०चा उठाव आला. तो मोडल्यावर रशियाच्या झारने एक विलक्षण खेळी केली. उठाव चिरडणाऱ्या आपल्याच सैनिकांना त्याने त्याच धर्तीची पदके वाटली. बंदी घातलेली वस्तू लोक जपून ठेवतात. पण खिरापतीसारखी वाटलेली वस्तू कोण जपणार? सन्मान मारायचा तर तो स्वस्त करावा, हे झारला बरोबर उमगले होते.

तरीही तो मेला नाही. पोलंड स्वतंत्र झाल्यावर १९१९मध्ये तेथील संसदेने त्याला पुन्हा प्राण दिला. १९३९च्या सप्टेंबरात जर्मन सैन्याशी झुंजलेल्या वॉर्सा शहरालाच तो देण्यात आला, आणि आज तो त्या शहराच्या चिन्हावर आहे. १९४४च्या मे महिन्यात इटलीतील मॉन्टे कॅसिनोचा डोंगर सर करणाऱ्या पोलिश सैनिकांनाही तो मिळाला. त्या डोंगराखाली आपले भारतीय जवानही लढले होते. आणि तिकडे पोलिश पलटणी लढत असताना अशा कित्येक सैनिकांची बायकामुले कुठे होती म्हणाल, तर आपल्या कोल्हापूरजवळ, वळिवड्याच्या छावणीत! १९४३पासून १९४८पर्यंत सुमारे पाच हजार निर्वासित पोलिश माणसे तेथे राहिली.

युद्धानंतर पुन्हा तोच घोळ झाला. १९७४मध्ये पोलंडच्या कम्युनिस्ट राजवटीने या सन्मानाचा सर्वांत वरचा वर्ग सोव्हिएत नेते ब्रेझ्नेव्ह यांना बहाल केला. १९९०मध्ये तो रद्द करण्यात आला, आणि १९९२च्या कायद्याने या सन्मानाची नव्याने घडी बसवली.

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे वळू. नाण्याची किंमत सरकार ठरवते. आज चलनात असलेले नाणे सरकार उद्या बादही करू शकते. पदकाचे तसे नाही. पदक देणे सरकारच्या हाती आहे, त्याला मोल देणे नाही. राजाने पाठ फिरवली, झारने वाटून टाकले, कम्युनिस्टांनी खुशामतीला वापरले. पण झ्येलेन्त्सेच्या शिपायाचे आणि योआनाचे पदक त्यामुळे बद्द वाजू लागले नाही. मात्र एवढ्यावर आपण निश्चिंत राहू नये. दर वेळी कोणीतरी ते जपले, अपात्र माणसाला दिलेले परत घेण्याचे धैर्य कोणीतरी दाखवले, म्हणून ते टिकले. आपल्याकडेही मानपत्रे आणि पदव्या वाटल्या जातात, तेव्हा टाळ्या वाजवण्यापूर्वी ते नाणे एकदा वाजवून पाहण्याचे काम तुमचेआमचेच आहे.