नोंद झाली तरच केंद्र सापडेल



जिल्ह्यातल्या प्राध्यापक, शिक्षक आणि विद्यार्थ्यांच्या या संमेलनाच्या अध्यक्षपदावरून आज मी एकाच विषयावर बोलणार आहे : उपग्रहांचे संदेश झेलणारी भू-केंद्रे आणि ती शोधून देणारे सॉफ्टवेअर.

या विषयाचे मोठे घर आपल्या शेजारीच आहे. पारनेर आणि अकोले तालुक्यांना लागून असलेल्या जुन्नर तालुक्यात, आर्वीला, १९७० च्या दशकाच्या आरंभी परदेशी दळणवळणासाठी उपग्रह भू-केंद्र उभे राहिले. त्याला डॉ. विक्रम साराभाई यांचे नाव आहे. त्याच तालुक्यात खोडद परिसरात डॉ. गोविंद स्वरूप यांनी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची रेडिओ दुर्बीण उभारली. शहरी रेडिओ-गोंगाटापासून दूर असलेली जागा किती मोलाची असते, हे त्या माणसांनी ओळखले होते.

आज लहानसे भू-केंद्र गच्चीवर मावते. गेल्या वर्षी आपल्याच जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयाच्या गच्चीवर मी ते पाहिले. पीव्हीसी पाइपवर स्टीलच्या मोजपट्टीचे तुकडे बसवून एका विद्यार्थिनीने अँटेना केला होता. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक क्षितिजावर आले, तशी ती मनगट हळूहळू वळवत त्याच्या मागे फिरू लागली. लॅपटॉपमधून खरखर आली आणि पडद्यावर अक्षरे उमटली. आठ-दहा मिनिटांत सारे शांत झाले. तिने तारीख, वेळ आणि दिशा वहीत लिहिली. ती वही आज प्रयोगशाळेच्या कपाटात आहे. त्या गच्चीवर भू-केंद्र होते, हे कपाटाबाहेर कोणालाही ठाऊक नाही.

मित्रहो, माझे दुखणे हेच आहे. खालच्या कक्षेतला उपग्रह साधारण दीड तासात पृथ्वीला फेरा घालतो, पण एका जागेवरून तो काही मिनिटेच दिसतो. उरलेला वेळ त्याचे बोलणे दुसऱ्या कोणाच्या तरी डोक्यावर चालू असते. २०१६ साली पुण्याच्या सीओईपी या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांचा ‘स्वयम्’ हा जेमतेम किलोभराचा उपग्रह अवकाशात गेला. त्याच वर्षी आयआयटी मुंबईचा ‘प्रथम’ही गेला. ‘प्रथम’च्या विद्यार्थ्यांनी इतर महाविद्यालयांनाही भू-केंद्रे उभारायला शिकवले. एकट्याच्या कानाने भागत नाही, हे त्यांना उमगले होते.

ग्रीसमधल्या काही हौशी मंडळींनी २०१४ मध्ये सुरू केलेले ‘सॅटनॉग्ज’ हे भू-केंद्रांचे जाळे याच जाणिवेतून उभे राहिले. त्यात जगभरची भू-केंद्रे नकाशावर शोधता येतात : ठिकाण, समुद्रसपाटीपासूनची उंची, अँटेना कोणत्या वारंवारितेचा, केंद्र चालू आहे की बंद. उपग्रह निवडला की तो कोणत्या केंद्रावरून किती वाजता जाणार, हे कक्षेच्या आकड्यांवरून गणित करून कळते. दूर बसलेला विद्यार्थीही तिथले ध्वनिमुद्रण ऐकू शकतो. सॉफ्टवेअर खुले आहे आणि नोंदीही खुल्या आहेत.

पण सॉफ्टवेअर किती खरे सांगणार, ते आपण त्यात काय भरतो यावर ठरते. अकोले तालुक्यात पश्चिमेला कळसूबाईची रांग आहे. तिथले केंद्र पश्चिम क्षितिजावरचा उपग्रह डोंगराआड असेपर्यंत ऐकूच शकणार नाही. शेवगाव-नेवाशाच्या सपाटीवर तोच उपग्रह आधी हाती लागेल. अक्षांश-रेखांश दोघांचेही अचूक असतील, तरी क्षितिज वेगळे आहे. ते मोजायला गच्चीवर उभे राहून डोंगराचा कोन घ्यावा लागतो. हे काम ग्रीसमधला माणूस करू शकत नाही, इथल्या मातीतल्या माणसानेच ते करायचे आहे.

म्हणून माझ्या तीन विनंत्या आहेत. पहिली, जिथे अँटेना आहे त्या प्रत्येक महाविद्यालयाने आपले केंद्र क्षितिजाच्या मोजणीसह नोंदवावे, आणि बंद पडले तर बंद असल्याचेही प्रामाणिकपणे लिहावे. दुसरी, आपल्यातल्या संगणक शिक्षकांनी या खुल्या नोंदींवर मराठीत शोध घेता येईल असे साधे पान तयार करावे. ‘आज संध्याकाळी माझ्या गावावरून कोणता उपग्रह जाणार?’ हा प्रश्न नववीतल्या मुलीला तिच्या भाषेत विचारता आला पाहिजे. तिसरी, ज्यांना संदेश पाठवायचेही आहेत त्यांनी हौशी रेडिओची परीक्षा देऊन रीतसर परवाना घ्यावा.

आर्वी आणि खोडद उभे करायला सरकार आणि मोठ्या संस्था लागल्या. आपल्या कामाला एक गच्ची, एक मोजपट्टी आणि नियमाने नोंद ठेवणारा एक माणूस पुरेसा आहे. इथून परत गेल्यावर पहिल्याच दिवशी कपाटातली ती वही बाहेर काढा आणि तिच्यातली पहिली ओळ जगासाठी खुली करा, एवढेच आपणा सर्वांना माझे आग्रहाचे सांगणे आहे.